रोमनांच्या गावात दगडूमामा

हाउन्सलोच्या मीनल गुप्ते या बाईने आजवर किती परक्या माणसांच्या बॅगा उपसल्या असतील याचा हिशेब तिलाही लागणार नाही. विमानतळावर सिक्युरिटीत ती नोकरीला लागली तेव्हा युनिफॉर्म तिला ढगळ व्हायचा, आता तो तिच्या अंगाशी भांडतो. मधल्या काळात तिने लोकांचे शॅम्पू, परफ्यूम, जॅमच्या बाटल्या हसतमुखाने कचऱ्यात टाकल्या. फक्त घरच्या तुपाची बरणी टाकताना तिचा जीव आजही कासावीस होतो आणि ती त्या प्रवाशाची मनापासून माफी मागते. कातडी चपलेच्या तळात लपवलेली कात्रीसुद्धा तिला मशीनच्या पडद्यावर लांबून दिसते. बाई हुशार आहे, हे कुणीही मान्य करील. तिच्या नवऱ्यानेही, नंदूने, ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मान्य करून टाकलं होतं आणि तेव्हापासून तो सुखात आहे.

अशी ही बाई एका गोष्टीपुढे मात्र साफ हात टेकते. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा! निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा, म्हणजे नशिबाची मोजणी चुकते आणि काम तडीस जातं. हे तिला तिच्या आईने शिकवलं. लग्नानंतर मीनल पहिल्यांदा लंडनला निघाली तेव्हा डोंबिवलीहून टॅक्सीत ती, आई आणि भाऊ अशी तिघं होती. आईने बिल्डिंगसमोरच्या खडीच्या ढिगातून एक काळाभोर, भोकाभोकांचा दगड उचलला आणि मुलीच्या पर्समध्ये टाकला. विमानतळावरच्या रडारडीत तो परत काढून घ्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तो तसाच, व्हिसाबिसा न घेता, इंग्लंडात आला.

पुढे अन्वी झाली. दुसरं मूल झालं नाही, त्यामुळे गुप्त्यांच्या घरात कायमचाच तिगाडा झाला. तेव्हापासून त्या दगडाला उसंत म्हणून नाही. घर बघायला तो गेला, नंदूच्या बसच्या लायसन्सच्या परीक्षेला गेला, ब्रिटिश नागरिकत्वाच्या समारंभात राणीच्या फोटोखाली बसून आला. अन्वीच्या वर्गातल्या पोरांना मामे होते, तिचा मामा डोंबिवलीत, म्हणून तिनेच त्याला दगडूमामा म्हणायला सुरुवात केली. तेरा वर्षांची होईपर्यंत तिचं आणि मामाचं फार छान होतं. मग एका पेरेंट्स इव्हनिंगला आईने त्याला टीचरच्या टेबलावर ठेवलं आणि त्या दिवसापासून अन्वीने मामाशी संबंध तोडले.

आता अन्वी तिशीची आहे, रीडिंगला एका ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर आहे आणि तिला वेद लिमये नावाचा एक मुलगा मनापासून आवडला आहे. याआधी दोघे आवडले होते. पहिला घरी आला तेव्हा मीनलने सवयीने त्याला दारातच बूट, बेल्ट आणि घड्याळ काढायला लावलं. दुसऱ्याची पाठीवरची बॅग तिने बोलता बोलता कधी उघडली ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि आत जे सापडलं त्यावर तिने त्याच्या आईसमोर चार प्रश्न विचारले. दोन्ही स्थळं गेली. अन्वी भांडली नाही, नुसती गप्प बसली, आणि ते मीनलला फार लागलं. माझ्या तोंडामुळे पोरीचं वाटोळं होतंय, असं ती रात्री नंदूला म्हणायची, आणि नंदू, इतका शहाणा माणूस, तेवढ्यापुरतं झोपेचं सोंग घ्यायचा.

म्हणून या वेळी वेदच्या आईला भेटायचं तर अन्वीने जागाच अशी शोधली, की जिथे मोडण्यासारखं होतं ते सगळं आधीच मोडून गेलेलं आहे. रीडिंगच्या जवळ सिल्चेस्टरला रोमन लोकांचं एक अख्खं शहर होतं. रोमन गेले, मागून माणसंही गेली, आणि त्या जागेवर पुन्हा म्हणून कुणी शहर वसवलं नाही. वेदची आई, डॉक्टर कस्तुरी लिमये, मूळची पुण्याची. जन्मभर साउथहॅम्प्टनला ऑपरेशनआधी लोकांना भूल देण्याचं काम केलं. नवरा गेला, नोकरीतून निवृत्त झाली, आणि आता उन्हाळ्यात एका हौशी मंडळाबरोबर इथे जमीन खोदायला यायची. तिथेच भेटू, असं ठरलं.

निघताना अन्वीने घराच्या दारात आईला अडवलं.

“आई, तीन rules. सॅलरी विचारायचं नाही. पत्रिका नाही. And no stone. तुझा बॅग दाखव.”

मीनलने निमूटपणे पर्स उघडली. अन्वीने कप्पे बघितले, कोट चाचपला, जॅकेटचे खिसे उलटे केले. काही नव्हतं. पोरगी आईच्याच पोटची, पण आईइतका अनुभव कुठून आणणार? मीनलने रव्याचे लाडू केले होते, प्रत्येक लाडू चांदीच्या कागदात गुंडाळला होता, आणि डब्याच्या खालच्या थरात, लाडवांच्या मधोमध, तशाच कागदात गुंडाळून दगडूमामा बसला होता. डबा अन्वीने स्वतःच गाडीत नेऊन ठेवला.

सिल्चेस्टरला पोचल्यावर नंदू गाडीतून उतरला, त्याने चहूकडे पाहिलं आणि शहर कुठे आहे असं विचारलं. समोर एक मोठं कुरण होतं, कुरणात गाई होत्या, आणि कुरणाभोवती लांबच लांब गारगोट्यांची भिंत. अन्वी म्हणाली, हेच शहर. नंदूने मान हलवली आणि तो भिंतीच्या सावलीला लागला.

कस्तुरीताई भिंतीपाशीच उभ्या होत्या. उंच, ताठ, गुडघ्यांना चिखल, डोक्यावर टोपी. त्यांच्यामागे वेद, इतका घाबरलेला की त्याने नंदूला दोनदा नमस्कार केला आणि मीनलला एकदाही नाही. मीनलने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. तिने आज काहीच मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

मग कस्तुरीताईंनी सगळ्यांना शहर दाखवलं. इथे बाजार होता म्हणाल्या, तिथे एक गाय उभी होती. इथे स्नानगृहं होती म्हणाल्या, तिथे चिखल होता. मीनल प्रत्येक गवताकडे बघून ‘हो का, छान’ म्हणत होती. नंदूने आयुष्यभर हाउन्सलोच्या गल्ल्यांतून बस काढली होती, त्यामुळे त्याला दर कोपऱ्यावर एकच शंका यायची, की रोमनांची गाडी इथे वळत कशी असेल. कस्तुरीताईंना हे इतकं आवडलं, की त्या त्याला रस्त्याची रुंदी पावलांनी मोजून दाखवू लागल्या. दोघं पुढे, मीनल मागे, आणि तिच्या हातात डबा. डबा धरायला वेदने तीन वेळा हात पुढे केला, तीनही वेळा तिने तो दिला नाही.

खणलेल्या चराजवळ कस्तुरीताई थांबल्या. जुन्या खड्ड्यांतून इथे कधी अख्खी मडकी निघतात, कधी कुत्र्यांची हाडं. कुणीतरी मुद्दाम पुरलेली, घराला चांगले दिवस यावेत म्हणून. त्या लोकांचं मी समजू शकते, असं त्या म्हणाल्या. पण आजच्या काळात शिकलीसवरलेली माणसं गाडीला लिंबू-मिरची बांधतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. यावर सगळ्यांत मोठ्याने मीनल हसली. अन्वीने तिच्याकडे चमकून पाहिलं, कारण आई इतकी हसते तेव्हा काहीतरी दडवलेलं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

तंबूपाशी एका लांब टेबलावर सापडलेल्या वस्तू धुवायचं काम चाललं होतं. तिथेच जरा बाजूला बसून लाडू खाऊ, असं ठरलं. मीनलने डबा उघडून वरच्या थराचे लाडू वाटले. वेदने एकापाठोपाठ एक असे भरपूर खाल्ले आणि म्हणाला, “काकू, लाडू फार छान बनवली तुम्ही.” मीनलला त्याचं व्याकरण ऐकून भरून आलं, अगदी आपल्या अन्वीसारखं बोलतो. त्या भरून येण्यातच तिचं डब्याकडचं लक्ष उडालं, आणि कस्तुरीताईंनी दुसऱ्या लाडवासाठी आपला हात आपणच डब्यात घातला.

“मीनलताई,” त्या हातातला गोळा जोखत म्हणाल्या, “चांगला भरीव आहे हो.”

त्यांनी कागदाचं टोक सोडवायला घेतलं आणि मीनलच्या डोळ्यांपुढे त्यांच्या पुढच्या दातांची रांग उभी राहिली. तिने झडप घातली. तो नका घेऊ, त्यात तूप कमी पडलंय, म्हणाली, आणि दुसरा लाडू त्यांच्या हातात कोंबला. कस्तुरीताई जरा दचकल्या, पण पाहुणचाराची ही तऱ्हा पुण्याला नवी असेल, डोंबिवलीची असेल, असं समजून त्यांनी तो खाल्ला.

मीनल लघवीचं निमित्त करून तंबूमागे गेली. आता कागदात ठेवणं धोक्याचं होतं. तिने दगडूमामाला उघडं केलं, चुरा झटकला आणि पर्समध्ये टाकणार, एवढ्यात तंबूच्या कडेने सारा आली. सारा म्हणजे या खोदकामाची मुकादम, तरतरीत इंग्रज पोरगी. तिने मीनलच्या तळहातावरचा दगड पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. तुम्हाला सापडला का हा, किती छान, आणि खिशात न टाकता दाखवायला आणलात त्याबद्दल आभार, असं म्हणत तिने तो अलगद उचलून घेतला. कुठे होता, असं विचारलं.

आता माझा आहे म्हणावं, तर कापडाच्या पलीकडे कस्तुरीताईंचा आवाज ऐकू येत होता आणि त्याच्या बाजूला अन्वीचा.  मीनलने पायाखालच्या गवताकडे बोट दाखवलं. साराने तिथे ताबडतोब एक छोटं लाल निशाण रोवलं आणि दोन पोरांना हाक मारली. ती पोरं खुरपी घेऊन गुडघ्यांवर बसली आणि गवत सोलू लागली.

दगडूमामा टेबलावर गेला. त्याला आंघोळ घालण्यात आली, दातांच्या ब्रशने त्याचं एकेक भोक साफ झालं, रव्याचा कण राहिला नाही. मग त्याला एका ट्रेमध्ये कागदाच्या चिठ्ठीवर बसवलं. सारा सगळ्यांना सांगत होती, की हा दगड या भागातला नव्हेच, हा ज्वालामुखीचा दगड, बाहेरून आलेला; त्या काळी दळायची जाती करायला असले दगड दूरवरून आणत. बाहेरून आलेला होता हे खरंच होतं. फक्त तो रोमहून नाही, डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून आला होता.

सगळ्यांत जास्त आनंद कस्तुरीताईंना झाला. त्या इथे दोन उन्हाळे माती उपसत होत्या आणि त्यांना खापऱ्यांपलीकडे काही मिळालं नव्हतं. त्यांनी मीनलचे दोन्ही हात धरले, तुमच्या हाताला यश आहे म्हणाल्या, आणि ट्रेसकट तिचा फोटो काढायला वेदला बोलावलं. मीनल फोटोत अशी उभी राहिली, की जणू तिच्याच बॅगेत काहीतरी सापडलंय. आणि मजा बघा, जी भेट नीट व्हावी म्हणून ती देव पाण्यात ठेवून बसली होती, ती आता नीट होत होती, नुसती नीट नव्हे तर फार छान होत होती, आणि ती सगळी एका खोटेपणावर. त्यात चौथा माणूस ट्रेमध्ये अडकलेला. म्हणजे परत जाताना तिघंच.

वेदच्या खांद्यावरून अन्वीने ट्रेकडे पाहिलं. एकदा पाहिलं, मग वाकून पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण ती काही बोलली नाही, आणि मीनलला पुन्हा तीच जुनी शांतता ऐकू आली. त्यापेक्षा पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मीनलने ठरवलं, की जे झालं ते गुपचूप परत जागेवर आणायचं. सगळे चरापाशी गेल्यावर तिने वाटेतली एक गारगोटी उचलली. नंदूला टेबलासमोर उभं राहून गाईंकडे बघायला सांगितलं. का, ते नंदूने विचारलं नाही. तिने गारगोटी चिठ्ठीवर ठेवली, दगडूमामा मुठीत घेतला आणि वळली, तर कस्तुरीताई आपली टोपी न्यायला परत आल्या होत्या.

“मीनलताई,” त्यांनी विचारलं, “हातात काय आहे?”

हाच प्रश्न मीनलने उभ्या जगाला विचारला होता. उत्तर द्यायची पाळी तिच्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली. तिने मूठ उघडली. मागून सारा आली, वेद आला, खुरपीवाली पोरंही आली. इथला दगड उचलून नेणं हा साधासुधा प्रकार नाही, सरळ पोलिसांचं काम आहे, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी फक्त बघत होते, असं मीनल पुटपुटली, आणि ते तिचं तिलाही पटलं नाही.

तेवढ्यात अन्वी सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली. तिने आईच्या हातातून दगड घेतला, पदराने पुसावा तसा आपल्या जॅकेटच्या बाहीने पुसला, आणि साराकडे वळून स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की हा रोमन नाही, हा आमच्या घरचा आहे, माझा मामा आहे. मग तिने तिगाड्यापासून पेरेंट्स इव्हनिंगपर्यंत सगळं सांगितलं, न लाजता, हातवारे करून. खुरपीवाली पोरं गुडघ्यांवरची माती झटकत हसायला लागली. सारा इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. वेदने दगडूमामाला वाकून नमस्कार केला.

कस्तुरीताई हसल्या नाहीत. त्या एका उलट्या बादलीवर बसल्या.

“म्हणजे तुम्ही तिघंच येणार होतात, म्हणून हा?”

“हो.”

“ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, मीनलताई.”

“हो.”

“चोरीपेक्षा बरी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “आणि बिघडू नये असं काम तरी कोणतं होतं?”

मीनलने इकडेतिकडे पाहिलं. सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने खरं सांगितलं. “आम्ही तुम्हाला आवडायला हवे होतो. पोरीला तुमचा वेद आवडलाय. आधी दोनदा माझ्या तोंडामुळे फिसकटलं. तिसऱ्यांदा माझ्याच हातून होईल याची भीती वाटत होती मला. फार वाटत होती.”

अन्वीने आईच्या पाठीवर हात ठेवला. मग दगडूमामाला तिच्याच पर्समध्ये टाकलं. कस्तुरीताईंनी टोपी डोक्यावर चढवली, साराला ते लाल निशाण काढून टाकायला सांगितलं, आणि नंदूला विचारलं की पलीकडे रोमनांचं खेळ बघायचं जुनं रंगमंडल आहे, गोल, आत यायला दोन वाटा आहेत, तिथे त्यांची गाडी वळते का बघायचं का? नंदू लगेच निघाला. दुपारभर मग कुणी त्या विषयावर बोललं नाही. उरलेले लाडू मात्र प्रत्येकाने खाण्याआधी दाबून बघितले.

संध्याकाळी गाड्यांपाशी निरोपाची वेळ आली. कस्तुरीताई म्हणाल्या, की अन्वीला आज जेवायला साउथहॅम्प्टनला नेते, घर तरी बघू दे तिला, उशीर झाला तर राहील.  काम झालं होतं. मीनलने अन्वीला स्वेटर घे, फोन कर, उगाच जास्त बोलू नकोस, असं सगळं एका दमात सांगितलं. अन्वी तिला घट्ट बिलगली आणि वेदच्या गाडीत मागे जाऊन बसली.

मीनल आपल्या गाडीत बसली, नंदूने गाडी सुरू केली. तेवढ्यात समोरच्या गाडीत बसता बसता कस्तुरीताई थांबल्या. त्यांनी आत वेदकडे पाहिलं, मग अन्वीकडे पाहिलं. दार तसंच उघडं टाकून त्या चिखलातून परत चालत आल्या आणि मीनलच्या खिडकीवर टकटक केली. मीनलने काच खाली घेतली. कस्तुरीताईंनी तळहात पुढे केला.

“द्या त्याला,” त्या म्हणाल्या. “आम्ही तिघं झालो.”

मीनलचा हात पर्सकडे गेला.

“माझा काडीचा विश्वास नाही हां. पण तिलाही आम्ही आवडायला हवं ना.”

मीनलने पर्स उघडली आणि दगडूमामा त्यांच्या हातावर ठेवला. कस्तुरीताईंनी तो जॅकेटच्या खिशात घातला, वरून खिसा थोपटला आणि त्या वळल्या. त्यांची गाडी भिंतीच्या कडेने गेली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली.

नंदू गाडी सोडेना. बायको रडत होती आणि हसतही होती, अशा वेळी गाडी चालवावी की थांबवावी, हे त्याला बस कंपनीने कधी शिकवलं नव्हतं. शेवटी तिनेच डोळे पुसले, मागच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहिलं आणि चला म्हणाली. मुख्य रस्त्याला लागल्यावर त्याने भीत भीत विचारलं, की वाटेत कुठे चहाला थांबायचं का, की सरळ घरी.

“थांबू की,” मीनल म्हणाली. “दोघांनी कुठेही थांबलेलं चालतं.”